चौथी पायरी, एकतीस नंबर

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. ज्यांना हसायचं आहे त्यांनी खुशाल हसावं. मीही आधी हसलोच होतो.

पण हे घडलं आहे. माझ्या सख्ख्या मामेभावाच्या बाबतीत घडलं आहे, आणि अजून संपलेलं नाही.

गेल्या फेब्रुवारीतला शनिवार. दिवस मावळायला अर्धा तास बाकी होता आणि आजूबाजूला हजार-दीड हजार माणसं बसली होती. असले प्रकार मध्यरात्री निर्जन जागीच होतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं आधी ध्यानात घ्यावं.

ठिकाण वाशीम जिल्ह्यातलं, जऊळक्याच्या बाजूचं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांशी मला भांडण नको. त्या भागात त्याला पायऱ्यांचं मैदान म्हणतात. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी कुस्तीच्या दंगलीसाठी बांधलेलं. तिन्ही बाजूंनी काळ्या दगडाच्या अकरा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर छिन्नीनं कोरलेले जागांचे नंबर. आता तिथे मॅट अंथरून कबड्डी होते.

माझा मामेभाऊ भागवत. मालेगावच्या बाहेर, किन्हीराजाच्या रस्त्याला त्याचा भाजीपाल्याचा मळा आहे. वांगी, कोबी, मेथी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. पहाटे चारला माल काढायचा, मोटारसायकलवर बांधायचा आणि बाजार गाठायचा. माणूस कष्टाळू, पण हट्टी इतका की विचारू नका. एसटीत खिडकी हवी, जेवायला पहिली पंगत हवी, लग्नात खुर्ची पहिल्या रांगेतली हवी. आम्ही त्याला यावरून फार चिडवायचो.

आता चिडवत नाही.

त्याची एकुलती एक मुलगी समीक्षा. सतरा वर्षांची, तालुक्याच्या संघात चढाई करायची. पोरगी कबड्डीत अशी काही चपळ की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. पण बापानं तिचा एकही सामना पाहिला नव्हता. सामन्याच्या दिवशी नेमका बाजार असायचा. ती काही बोलायची नाही, पण भागवतला ते आत कुठंतरी टोचायचं.

या वेळी फायनल होती. अमरावतीहून क्रीडा वसतिगृहासाठी निवड करणारी माणसं येणार होती. पोरगी त्यांच्या नजरेत भरली तर पुढचं सगळं शिक्षण, खेळ, नोकरी मार्गी लागणार होतं.

बुधवारी जेवताना ती बापाला म्हणाली, "बाबा, या टायमाले तुमी या. अन् अशा ठिकानी बसा का मले मॅटवरून दिसले पायजे. मी चढाईले निंगाच्या आधी तुमच्याकडे पाहीन."

 भागवतनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो मैदानावर हजर.

तिकिटाच्या खिडकीत किसनसिंग बसतो. सत्तरीचा माणूस, चाळीस वर्षं हेच काम. त्याच्यापुढे पुठ्ठ्यावर आखलेला मैदानाचा नकाशा असतो. तुम्ही जागा सांगायची, तो पेन्सिलनं चौकट खोडणार आणि तिकीट फाडून देणार.

भागवतनं आधी जागा बघून येतो म्हणून सांगितलं आणि पायऱ्यांवर चढला. इथे बसून बघ, तिथे बसून बघ, असं अर्धा तास चाललं. मुलीला स्थळ बघताना माणूस एवढा चिकित्सक नसतो.

शेवटी तो चौथ्या पायरीवर आला. एकतीस नंबर.

मधली रेषा अगदी समोर. मधे ना खांब, ना झाड. मॅटवर उभी राहून समीक्षेनं नुसती मान वर केली की बाप समोर. याहून चांगली जागा त्या मैदानात नव्हती.

त्या नंबरावर मुठीएवढा एक दगड ठेवलेला होता. दगडाखाली एक तिकीट. याच सामन्याचं, कोरं करकरीत.

भागवत त्याच्या शेजारी टेकला आणि हात त्या जागेवर ठेवला...

जागा गरम होती.

वर कडुनिंबाची गच्च सावली होती. आजूबाजूची पायरी हाताला गार लागत होती. फक्त तेवढा एकतीस नंबर गरम. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यावर लागतो तसा.

भागवतनं हात पँटीला पुसला आणि खाली येऊन एकतीस आणि बत्तीस मागितले. एक स्वतःला, एक बायकोला.

किसनसिंगनं नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. बत्तीस मिळेल म्हणाला, एकतीस गेलेली आहे. कुणाला गेली, तर म्हणे जुनं गिऱ्हाईक आहे. दर वर्षी पहिलं तिकीट त्याचंच फाडतो आणि नेऊन जागेवर ठेवतो.

भागवतचं डोकं फिरलं. त्याला वाटलं, असेल कुणी सभापती नाहीतर ठेकेदार. ऐन शेवटच्या पाच मिनिटांना गाडीतून उतरायचं आणि मोक्याची जागा अडवायची. चार शब्द सुनावून तो मोटारसायकलीकडे निघाला, आणि तिथे त्याला भिंतीवरचा कागद दिसला. या वर्षीपासून मोबाइलवर तिकीट.

कमिटीचा नवा सचिव गजेंद्र. त्यानं हौसेनं सगळं मैदान मोबाइलवर चढवलं होतं. मोकळी जागा हिरवी, गेलेली राखाडी. किसनसिंगच्या पुठ्ठ्यावर काय आहे हे विचारायची त्याला गरज वाटली नव्हती.

चौथी पायरी. एकतीस नंबर. हिरवा.

भागवतनं तिथंच उभं राहून दोन्ही जागा घेतल्या आणि मोबाइल किसनसिंगच्या खिडकीत नाचवला.

म्हातारा चिडला नाही. त्याचा चेहरा उतरला. तो एवढंच म्हणाला, "तिकीट काढलं त काढलं, भाऊ. पन तो गोटा उचलजो नको. शेजारी बसजो, अडचनीत बसजो, गोटा तिथंच राहू दे."

"काहून?"

"जागा धरेल हाय म्हनून."

आपल्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. एसटीच्या खिडकीतून कुणी रुमाल टाकला की ती सीट त्याची. पंगतीत कुणी टोपी ठेवली की ते पान त्याचं. भांडाल, पण दुसऱ्याचा रुमाल उचलून फेकणार नाही. भागवतनंही आयुष्यात कधी फेकला नव्हता.

शनिवारी साडेचारला तो आणि वैजयंती वहिनी मैदानावर पोचले. पायऱ्या भरत आल्या होत्या. एकतीस नंबरावर तो दगड होता, खाली ते तिकीट. मागच्या पायरीवर तीन जागा मोकळ्या होत्या आणि एवढ्या गर्दीत तिथं कुणी बसत नव्हतं. वहिनींनी ते पाहिलं. त्या म्हणाल्या, आपण दोघं बत्तीसवरच आखडून बसू.

भागवतनं ऐकलं नाही. त्यानं दगड उचलला आणि पायऱ्यांच्या मागे, पार बाहेर भिरकावला. तिकीट चोळामोळा करून पायाखाली टाकलं.

आणि बसला.

दगड पडल्याचा आवाज... आलाच नाही.

सामना सुरू झाला. समीक्षा मॅटवर आली, तिनं मान वर केली, बापाला पाहिलं. भागवतनं हात उंचावला. पोरीच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पहिल्या चढाईत तिनं दोन गुण आणले. दुसरीत एक.

तेवढ्यात मागून कुणीतरी घसा खाकरला.

भागवतनं वळून पाहिलं. मागच्या तिन्ही जागा मोकळ्याच.

थोड्या वेळानं त्याच्या पाठीत काहीतरी रुतलं. मागे बसलेल्याचा गुडघा रुततो तसं. तो पुढे सरकला. गुडघाही पुढे सरकला. तो आणखी सरकला... आणि कानापाशी, अगदी कानाला ओठ लावून, कुणीतरी बोललं.

"ऊठ."

आवाज म्हाताऱ्याचा होता. त्यात विनंती नव्हती. कित्येक वर्षं दाबून ठेवलेला संताप होता. पण माणूस हट्टी. त्याच्याकडे तिकीट होतं. पोरगी समोर खेळत होती. त्यानं दोन्ही हातांनी पायरीची कड घट्ट धरली.

"ऊठ."

मध्यंतर झालं. वहिनी शेंगा सोलत होत्या. त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

सामना पुन्हा सुरू झाला आणि भागवतच्या दोन्ही काखांत मागून हात आले.

हाडकुळे. थंड. त्यांनी त्याला वर उचललं.

त्याला ओरडायचं होतं, पण तोंडातून आवाज निघेना. पाय त्याचे होते, पण चालवत कुणी दुसरंच होतं. एकेक पायरी उतरत तो खाली आला. लोकांनी गुडघे आखडून त्याला वाट दिली, कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. गेट उघडं होतं. तो बाहेर फेकला गेला, आणि काखांतले हात सुटले.

त्यानं लगेच उलटं पळायला पाहिलं. गेटात त्याचं पाऊल पडेना. समोर काहीच नव्हतं, नुसती हवा, तरी छाती भिंतीला थडकावी तशी थडकत होती. तो गेटाच्या लोखंडी गजांना धरून आत बघू लागला.

चौथी पायरी तिथून स्पष्ट दिसत होती.

बत्तीस नंबरावर वैजयंती वहिनी बसल्या होत्या. आणि एकतीस नंबरावर...

कुणीतरी बसलं होतं.

भागवतचाच पांढरा शर्ट. भागवतचीच बसायची ढब, गुडघ्यावर कोपरं टेकवून. वहिनींनी सोललेल्या शेंगांचे दाणे त्याच्या पुढे केले. त्यानं ते घेतले नाहीत. त्याची नजर मॅटवरून हलत नव्हती.

दोन्ही संघांचे गुण बरोबरीत आले. शेवटची चढाई उरली. समीक्षा पुढे आली. अमरावतीची माणसं सरसावून बसली.

तिनं मान वर केली.

"समीक्षे, इकडं पाह्य! मी इथी हावो," भागवत गेटाच्या बाहेरून ओरडला. गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत ओरडला. बाजूला उभ्या असलेल्या आइस्क्रीमवाल्यानंसुद्धा वळून पाहिलं नाही.

पोरगी एकतीस नंबराकडे बघून हसली.

त्यानं हात उचलला. हळूच. आणि बोटांनी तिला खुणावलं... ये.

तिनं मधली रेषा ओलांडली नाही. ती जागेवरच वळली. मॅट सोडली आणि पायऱ्यांच्या दिशेनं धावत सुटली. चढाईला धावते त्याच वेगानं, चेहऱ्यावर तेच हसू घेऊन. तिच्या संघातल्या दोघी तिला धरायला धावल्या. कुणाच्याही हाती ती लागली नाही.

पहिल्या पायरीच्या कडेवर तिचा उजवा गुडघा आदळला.

तो आवाज गेटापर्यंत आला.  भागवतला कळलंसुद्धा नाही तो आत कधी पोचला. त्याला आता कुणी अडवत नव्हतं. त्यानं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि वर पाहिलं. एकतीस नंबर मोकळा होता.

वाशीमच्या दवाखान्यात मी त्याच रात्री पोचलो. गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले होते. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण खेळायचं आता विसरा. भागवत भिंतीला डोकं टेकवून मुलासारखा रडत होता.

मी विचारलं तेव्हा त्यानं हे सगळं सांगितलं. मी ते वहिनींना सांगितलं. वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांचं म्हणणं, हे तर शेवटपर्यंत माझ्या शेजारी बसून होते. जागचे हललेसुद्धा नाहीत. फक्त मध्यंतरानंतर एक शब्द बोलले नाहीत.

समीक्षेनं तर बापाकडे पाठच फिरवली. "तुमीच बोलावलं मले," एवढंच ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मी आणि भागवत किसनसिंगकडे गेलो. भागवतनं त्याचे पाय धरले. म्हाताऱ्यानं त्याला उठवलं आणि मग ती गोष्ट सांगितली. त्याच्या बापाच्या वेळची.

दंगल होती. एक माणूस पहाटेपासून येऊन एकतीस नंबरावर बसला होता. रीतसर तिकीट होतं. त्याचा एकुलता एक पोरगा लढणार होता. ऐन वेळी गावचे मोठे लोक पाहुणे घेऊन आले. जागा हवी होती. दोघांनी त्या माणसाला काखांत हात घालून उचललं आणि गेटाबाहेर काढलं. तो बाहेरून गज हलवत राहिला. आत पोराची मान मोडली. बापाला आत सोडलं तेव्हा पोरगा संपला होता. आठ दिवसांत बापही गेला.

"तवापासून ती जागा त्याची," किसनसिंग म्हणाला. "तिकीट देल्लं का तो चूप बसते. पोराची वाट पाह्यते."

त्यानं आमच्यासमोर नवं तिकीट फाडलं. आम्ही तिघं मैदानात गेलो. मागच्या बाजूला तासभर शोधलं, तो जुना दगड सापडला नाही. मग किसनसिंगनं दुसरा घेतला आणि तिकीट ठेवायला एकतीस नंबरावर वाकला...

आणि वाकलेलाच राहिला.

त्यानं जागेवर तळहात ठेवला होता. मग त्यानं माझा हात धरून तिथे ठेवला. जागा थंडगार होती.

"चाळीस वर्षांत ही जागा कवाच गार लागली नाई," म्हातारा पुटपुटला. त्यानं भागवतकडे पाहिलं आणि पटकन नजर खाली घातली.  तिकीट त्यानं परत खिशात घातलं.

महिन्याभरानं समीक्षा घरी आली. पुढच्या खोलीत तिची खाट, खाटेशेजारी प्लास्टिकची खुर्ची. भागवत मळ्यातून आला की खुर्चीवर बसायला जायचा आणि ती म्हणायची, तिथं नका बसू. तो समजायचा, पोरगी अजून रागात आहे. तो गुपचूप भिंतीशी उभा राहायचा.

मग एके दिवशी ती रिकाम्या खुर्चीकडे बघून हसली. मैदानावर हसली होती तशी.

मग वहिनींनी एका संध्याकाळी तीन ताटं वाढली. एक स्वतःला, एक समीक्षेला, एक खुर्चीपुढे. भागवत हातपाय धुऊन दारात उभा होता. त्याला वाटलं, विसरल्या असतील. त्यानं स्वतःच ताट घेतलं आणि ओसरीवर जाऊन जेवला.

हे त्यानं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी त्याची समजूत घातली. पोरीच्या दुखण्यानं सगळ्यांचीच मनं ठिकाणावर नाहीत, असं काहीतरी बोललो. तरी मला राहवेना. एप्रिलच्या एका रविवारी दुपारी मी त्याच्या घरी गेलो.

समीक्षा खाटेवर बसून खुर्चीशी गप्पा मारत होती. अधूनमधून थांबायची, ऐकून घ्यायची, मान डोलवायची. मला बघून तिला आनंद झाला. काका, बसा म्हणाली. मी खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. खाली सतरंजीवर टेकलो.

भागवत दाराशी उभा होता. निम्मा झाला होता. हातात पोरीसाठी आणलेली द्राक्षांची पिशवी. तो आत आला, पिशवी तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली नाही, आणि परक्या माणसाशी बोलावं तसं नीट, आदबीनं म्हणाली, "ठेवा तिथी. बाबा देतीन मले."

भागवतनं पिशवी खुर्चीपाशी ठेवली आणि परत दाराशी जाऊन उभा राहिला. 

मी निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. वैजयंती वहिनी दारापर्यंत आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. भागवत तिथंच, त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. वीस वर्षं संसार केलेला नवरा. त्यांनी त्याच्याकडे एक नजर टाकली, जराशी कीव आल्यासारखी, आणि हळू आवाजात मला म्हणाल्या,

"भाऊजी, ह्या भाऊले जाता जाता त्यायच्या घरी सोडून द्या नं. कवाचे उभे हायेत बिचारे."

आतून, खुर्चीच्या बाजूनं, कुणीतरी घसा खाकरला.

भागवत मुकाट्यानं माझ्या गाडीवर मागे बसला. त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.

आता तो माझ्याकडेच असतो. मळा मी माणसं लावून बघतो आहे. डॉक्टर झाले, देवस्थानं झाली, मैदानावर जाऊन नाक घासून झालं. घरात खुर्च्या आहेत, पलंग आहे, दिवाण आहे. माझी बायको रोज त्याला सांगते, दादा, बसा ना जरा.

तो बसत नाही. आधी प्रत्येक जागेवर तळहात ठेवून बघतो, आणि मग उभाच राहतो.